आपण म्हणजे कोण

"आपण म्हणजे कोण?" तिनं विचारलं, आणि पाण्याच्या ग्लासाकडे निघालेला माझा हात मधेच थांबला. मी एवढंच म्हटलं होतं, "आपण आता दुसऱ्या एखाद्या थेरपिस्टकडे जाऊन बघू या का?" हे वाक्य मी सकाळपासून तोंडात घोळवत होते, दात घासताना, सिग्नलला, जिना चढताना. कुठे टोचू नये म्हणून त्याचे सगळे कोपरे घासून ठेवले होते. आणि ती, खुर्चीच्या अगदी पुढच्या काठावर, पर्स मांडीवर घट्ट धरून, म्हणते, "आपण म्हणजे कोण? तुम्ही पण येणार आहात का त्यांच्याकडे, माझ्याबरोबर?" मी हसले. मला वाटलं चेष्टा करतेय. अधूनमधून करते ती, आणि चांगली करते. पण ती हसत नव्हती. "नाही मॅडम, खरंच विचारतेय. वर्गात मी पण असंच बोलते ना दिवसभर. आपण आता हात धुवू या. आपण आता डबे उघडू या. आपण शहाण्या मुलांसारखं झोपू या. मी कुठे झोपते? मी झोपले तर नोकरी जाईल माझी." मग जरा थांबून, अगदी सभ्यपणे, "तुमच्या 'आपण'मध्ये तुम्ही नसताच. मला पहिल्यापासून माहीत होतं. पण पोरांना चालतं तसं मलाही चालत होतं." वेळ संपायला अजून बराच अवकाश होता. ती उठली, वाकून सँडलचा पट्टा लावला, "बरं, त्यांचा नंबर पाठवा," म्हणाली आणि दार ओढून घेऊन गेली. एरवी ती दार उघडं टाकून जाते आणि मला उठून लावावं लागतं.

आणखी एक गोष्ट राहिली, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा ती बहुधा खालच्या चष्म्याच्या दुकानापाशी पोचली असेल. तिनं विचारलंच नाही. दर मंगळवारी, दारात उभं राहून, एक पाय आत एक पाय बाहेर, ती विचारते, "पुढच्या मंगळवारी आहात ना?" दीड-दोन वर्षं झाली, एकदाही चुकलेलं नाही. खरं सांगायचं तर त्या प्रश्नानं माझं डोकं फिरायचं. अहो, आहे म्हणजे काय, कुठे जाणार आहे मी? खोली भाड्यानं घेतलीय, दारावर पाटी लावलीय, मंगळवार दर आठवड्याला येतो. मी तोंडभर हसून "हो, हो, आहे ना" म्हणायचे आणि आतून दात खायचे. आज प्रश्न आला नाही. भिंतीवरचं चित्र कुणी काढून नेल्यावर रिकाम्या जागेकडे बघावं तसं त्या दाराकडे बघत बसले मी. पुढचा पेशंट येईपर्यंत मला उशा सरळ करायच्या होत्या, टिश्यूचा डबा भरायचा होता, खिडकी उघडायची होती. यातलं काहीच केलं नाही.

ती बालवाडीत शिकवते. शिकवते म्हणजे काय, नाकं पुसते, बुटांच्या नाड्या बांधते, मातीचे हत्ती करते. दुपारी आईबाप पोरांना न्यायला येतात. एकेक करून पोरं जातात, आणि शेवटचं पोर फाटकाबाहेर गेलं की हिच्या पोटात खड्डा पडतो. याच कारणासाठी ती माझ्याकडे आली होती. एका पोराच्या आईला यायला उशीर व्हायचा म्हणून हिला ते पोर फार आवडायचं, आणि आपल्याला असं आवडतं याची तिला लाज वाटायची. लग्न ठरलं होतं, मोडलं. तो फोन उचलेपर्यंत ही करत राहायची. "मला त्याच्याशी काही बोलायचं नसायचं मॅडम, नुसता तो आहे का ते बघायचं असायचं." बहिणीनं हिचा नंबर ब्लॉक करून ठेवला. मैत्रिणी पांगल्या. माणसं हिच्यापासून काढता पाय का घेतात, ते तिला समजून घ्यायचं होतं. आणि मी, पगारी माणूस, तिला ते समजावून सांगता सांगता, बघा, मीही काढता पाय घेतलाच. फक्त माझा पाय जरा शिकलेला होता. मी सहकारीण शोधली होती, तिला फोन केला होता, तिच्याकडे गुरुवारची दुपार रिकामी आहे का हेही विचारून ठेवलं होतं.

कारणं माझ्याकडे तयार होती. अवलंबून राहणं वाढतंय. सीमा पुसट होताहेत. नव्या माणसाकडे नव्यानं सुरुवात केली तर फायदा होईल. सगळी खरी होती, आणि मी ती स्वतःला इतक्या वेळा सांगितली होती की तेवढ्यावरूनच संशय यायला हवा होता. तिचे मेसेज यायचे. "मॅडम, आज तुमचा आवाज बसलेला वाटला, बऱ्या आहात ना?" "मॅडम, उत्तर देऊ नका, नुसतं सांगतेय, आज त्या उशिरा येणाऱ्या आईचं पोर माझ्या मांडीवर झोपलं." उत्तर देऊ नका! म्हणजे मी उत्तर देणार नाही हे तिनं आधीच गृहीत धरलेलं, आणि माझी अडचण होऊ नये म्हणून तशी सोय पण करून दिलेली. मला ते वाचताना मानेच्या मागे आखडायचं. फोन उलटा करून ठेवायचे. नवरा म्हणतो, तू घरात आहेस की नाही हे दाराशी चपला बघून कळतं, तुझ्याकडे बघून नाही. तो हे हसत म्हणतो, आणि मीही हसते. आमचं बरं चाललंय. कुणी कुणाच्या अंगावर पडत नाही.

त्या संध्याकाळी मी बटाटे सोलत होते. नवरा बाहेरच्या खोलीत कुणाशी तरी फोनवर गळक्या नळाबद्दल वाद घालत होता, मागच्या खोलीत आई रेडिओ लावून पडली होती. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती आमच्याकडेच आहे. आणि सोलता सोलता मला ते आठवलं, आणि मी सोलणी ओट्यावर ठेवून दिली. तिनं, माझ्या मंगळवारवालीनं, मला सांगितलं होतं. सुरुवातीलाच, दुसऱ्या की तिसऱ्या भेटीत. तिची आई वारल्यावर तिला काकाकडे ठेवलं. मग आत्याकडे. मग वसतिगृहात. आणि दर वेळी तिचे वडील तिला जवळ घेऊन, केस विंचरून, सांगायचे, "चल, आता आपण काकांकडे राहायला जाऊ या." "आता आपण आत्याकडे जाऊ या, तिथे झोपाळा आहे." ती उड्या मारत निघायची. तिथे पोचल्यावर वडील चहा प्यायचे आणि चपला घालायचे. "मला दर वेळी वाटायचं की यावेळी दोघं," ती म्हणाली होती, आणि मी मान डोलावली होती. चांगली, मन लावून ऐकणाऱ्या माणसाची मान. मग ते सगळं मी विसरले. विसरले कसं म्हणू? आतमध्ये कुठेतरी होतंच ते. नाहीतर सगळी भाषा सोडून नेमके तेच शब्द माझ्या तोंडात यावेत? चल, आता आपण दुसरीकडे जाऊ या. मला तिची इतकी दया आली आणि स्वतःचा इतका संताप आला की बटाटे तसेच टाकून मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले. समोरच्या इमारतीत एक बाई खिडकीची काच पुसत होती, एकच काच, पुन्हा पुन्हा.

तरी मी तिला फोन केला नाही. हे नीट सांगायला हवं. मी फोन हातात घेतला, नंबर काढला, आणि मला आठवलं की दोन भेटींच्या मधे पेशंटला फोन करायचा नाही असा माझा नियम आहे. नियम फार कामाचे असतात. सहकारिणीचा नंबर मात्र मी पाठवला, कारण तसं कबूल केलं होतं. पाठवताना खाली काहीतरी लिहावं म्हणून बराच वेळ अंगठा फिरवत राहिले आणि काहीच लिहिलं नाही. तिचं उत्तर आलं, "मिळाला. थँक यू." पुढे काही नाही. आवाज बसलाय का, बऱ्या आहात का, पोर मांडीवर झोपलं का, काही नाही. बुधवार गेला. गुरुवारी मी फोन इतक्यांदा सुलटा करून बघितला की नवरा म्हणाला, "कुणाची वाट बघतेस?" मी म्हटलं, "कुणाची नाही." आणि फोन पुन्हा उलटा करून ठेवला. ते खोटं होतं.

शुक्रवारी सरांकडे गेले. मी शिकत होते तेव्हापासून ते माझे सर. आता निवृत्त आहेत, कुंड्यांत रमतात, पण माझ्यासारख्या चारदोन जुन्या विद्यार्थ्यांचं काम अजून ऐकून घेतात. "या बाजूला बस," ते म्हणाले, "तो कान गेला आता. त्या बाजूनं बोललीस तर मी नुसता हसेन आणि तुला वाटेल मला पटलं." वर्गात सर शिकवायचे, माणूस माणसाला बिलगायला लहानपणीच शिकतो, आणि मग जन्मभर त्याच तऱ्हेनं बिलगत राहतो. कुणी बोट सोडतच नाही. कुणी बोटाला हातच लावत नाही. आणि काही नशीबवान असतात, धरतात आणि सोडतात, पुन्हा धरतात. "पेशंटची तऱ्हा तुम्ही ओळखालच," ते म्हणायचे, "पहिल्याच तासाला ओळखाल आणि खूश व्हाल. पण पेशंटही तुमची ओळखतो. तो बोलत नाही, एवढाच फरक." आम्ही सगळे मान डोलवायचो. आपली तऱ्हा कोणती ते मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी ते, काय सांगू, जरा अभिमानानंच मिरवलं होतं. मी बाई कुणाच्या गळ्यात न पडणारी. या धंद्याला बरंच की ते.

सरांना मी सगळं सांगितलं, काकांकडचं, आत्याकडचं, माझं वाक्य, तिचा प्रश्न. ते किटलीनं कुंड्यांना पाणी घालत होते. "कंटाळलीस का तिला?" त्यांनी विचारलं. "नाही." "त्रास देते?" "देते. म्हणजे, देते असं मला वाटायचं." "मग?" मी त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसले होते आणि मला एकदम वाटलं, त्या दुसऱ्या बाजूला बसायला हवं होतं. मला मागे ताप आला होता, आठवडाभर पडून होते, सगळ्या पेशंटना भेटी रद्द झाल्याचं कळवलं होतं. तिचा रोज मेसेज यायचा. चौथ्या की पाचव्या दिवशी आला नाही. आणि मी, अंगात ताप, कपाळावर ओली पट्टी, फोन उशाशी घेऊन पडले होते आणि मला काही सुचत नव्हतं. संध्याकाळी आला. "मॅडम, तुम्ही नसलात की मंगळवार येतच नाही." मी तो वाचला आणि कुशीवर वळून रडले. ताप होता, असं मी नंतर ठरवलं. आणि बरी झाल्यावर पहिला फोन केला तो त्या सहकारिणीला. "सर," मी म्हटलं, "मला तिची वाट बघायची सवय लागली होती." सर किटली खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. "अरे देवा," ते म्हणाले, "मग तर फारच गंभीर प्रकरण आहे," आणि खो खो हसायला लागले. मला राग आला. मग मीही हसले, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि सरांनी हात पुसायचं फडकं पुढे केलं, त्याला ओल्या मातीचा वास येत होता. निघताना दारात म्हणाले, "तिला सांग. पण तुझं गाठोडं तिच्या डोक्यावर देऊ नकोस हं. ती तुझी आई नाही. एक वाक्य पुरे."

ती तुझी आई नाही. हे ते उगीच, सहज म्हणाले असतील. पण रविवारी दुपारी मी आईच्या पायांना तेल लावत होते आणि ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. माझ्या धाकट्या भावाच्या जन्माच्या वेळची गोष्ट आहे. तो अपुऱ्या दिवसांचा, काचेच्या पेटीत, मग घरी, मग पुन्हा पेटीत. मला मावशीकडे ठेवलं होतं, वर्ष-सव्वा वर्ष असेल. मला तिथलं फारसं आठवत नाही. मावशी सगळ्यांना सांगायची ते आठवतं. "इतकी शहाणी पोर आहे, असून नसल्यासारखी." मी त्या कौतुकावर मोठी झाले. नातेवाइकांत अजून ती गोष्ट सांगतात, आणि मी अजून खाली बघून हसते. "आई," मी विचारलं, "मी मावशीकडे होते तेव्हा तू येत होतीस ना मला बघायला?" आई छताकडे बघत होती. "एकदा आले होते," ती म्हणाली. "एकदाच?" "हो गं. तुला नाही आठवत? तू पायरीवर बसली होतीस. बाटल्यांची झाकणं ओळीनं मांडत होतीस. मी फाटकातून हाक मारली. तू वर बघितलंस, 'आलीस?' म्हणालीस, आणि परत खाली मान घालून झाकणं मांडायला लागलीस. ताई म्हणाली, बघ, किती रुळलीय, नाव काढत नाही तुझं. मला इतकं बरं वाटलं. आणि बसमध्ये बसल्यावर इतकं रडू आलं की शेजारच्या बाईनं मला पाणी दिलं. मग ठरवलं, पोर स्वस्थ आहे, उगीच मधे मधे जाऊन तिला हलवायचं नाही. मग एकदम न्यायलाच आले." ती थांबली. "मला वाटलं, तुला नकोय मी."

माझे हात तिच्या घोट्यावर होते, तेलकट, आणि मला ती झाकणं आठवली. खरंच आठवली की आईनं सांगितल्यामुळे डोळ्यांपुढे आली, कोण जाणे. एक हिरवं होतं. ते दुसऱ्या झाकणाला नेमकं चिकटून ठेवायचं होतं, कारण हात रिकामे राहिले असते तर ते फाटकाकडे गेले असते, आणि त्यांच्यामागून मी, आणि मग आई पुन्हा बसमध्ये बसली असती आणि मी ते बघितलं असतं. एवढं सगळं त्या पोरीला शब्दांत कळत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की वर बघायचं नाही. आणि तिची आई फाटकाशी उभी राहून ते बघत होती, आणि तिला वाटलं, हिचं बरं चाललंय. म्हणजे दोघीही एकमेकींना त्रास नको म्हणून. "आई," मी म्हटलं. माझं वय पन्नासच्या पुढे आहे, मी लोकांना हेच शिकवून पोट भरते, आणि पुढचं वाक्य मी आजवर कधी म्हटलं नव्हतं. "आई, मला तुझ्याकडे यायचं होतं." आईनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. "मग आली का नाहीस गं?" तिनं विचारलं, जणू आताच मी फाटकातून परत फिरले होते. मी म्हटलं, "माहीत नाही." तिनं माझं मनगट धरलं, तेलानं ते निसटत होतं, तिनं पुन्हा धरलं. आम्ही तशाच बसून राहिलो. बाहेर नवरा नळवाल्याला दार उघडत होता.

मंगळवारी मी लवकर जाऊन बसले. ती येईल की नाही याचा काही भरवसा नव्हता. तिनं येणार असं कळवलं नव्हतं, येणार नाही असंही नाही. माझी ही अवस्था तिची दर आठवड्याची असते, हे मला तिथे बसल्या बसल्या समजलं; पुस्तकातून समजलं होतं त्यापेक्षा बरंच जास्त. मी जिन्यावरचे पावलांचे आवाज ऐकत होते. शिंप्याकडे जाणारे, वरच्या मजल्यावरच्या क्लासचे. कुणी माझ्या मजल्याशी थांबलं की जीव टांगणीला. एरवी ती अर्धा तास आधी येऊन पायरीवर बसून राहते. आज अगदी ठरल्या वेळेला आली. दार वाजवलं. पेशंट यायच्या वेळी दार उघडंच असतं, ते कुणी वाजवत नाही.

ती खुर्चीत बसली आणि मागे टेकली. टेकून बसलेली मी तिला कधी पाहिलीच नव्हती. केस नीट वर बांधलेले, इस्त्रीचे कपडे. "मी त्यांना फोन केला होता," ती म्हणाली. "छान बोलल्या. गुरुवारपासून या म्हणाल्या. आज मी फक्त निरोप घ्यायला आले, मागच्या वेळी जरा उद्धटपणा झाला माझ्याकडून. सॉरी." "उद्धटपणा नव्हता तो," मी म्हटलं. "नाही, होता. पण मला बरं वाटतंय मॅडम. खरंच. आठवड्यात एकदाही रडले नाही. शेवटचं पोर गेलं, मी फळा पुसला, कुलूप लावलं, घरी गेले. काहीच झालं नाही. तुम्ही म्हणायचात ना, एक दिवस असं होईल. झालं." आणि ती हसली, गोड, समंजस. कुणीही थेरपिस्ट खूश होईल असं हसू. माझ्या ओठांपर्यंत "छान" आलं होतं. किती शहाणी झालात तुम्ही, किती प्रगती आहे ही. एवढं म्हणायचं, की ती जिना उतरून जाणार होती, आणि गुरुवारी कुणा दुसऱ्या खोलीत अशीच टेकून बसणार होती, आणि कुणालाही पुन्हा कधी विचारणार नव्हती, आहात ना. जन्मभर लोक तिचं कौतुक करतील. मला ते कौतुक चांगलं माहीत आहे. तिचा अंगठा पर्सच्या चेनवर होता, थोडी उघड, थोडी लाव, थोडी उघड, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

"मी तुम्हाला दुसरीकडे पाठवायला नको होतं," मी म्हटलं. "तुमचं काही चुकलं नव्हतं. तुम्ही जवळ आलात आणि मी घाबरले. तुम्हाला तिकडे जावंसं वाटत असेल तर जरूर जा, पण मी पाठवत नाहीये. तुम्ही इथेच यावं असं मला वाटतं." सर एक म्हणाले होते, पाच झाली. सांगणार नाही त्यांना. आणि वाक्यं बाहेर पडल्यावर मला इतकं उघडं वाटलं, की उठून खिडकी तरी लावावी, पाणी तरी ओतावं. मी हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिले.

चेन थांबली होती. "आता सांगताय?" ती म्हणाली, आणि तो आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. "आता? आणि आठवडाभर काय करत होतात? नुसता नंबर पाठवलात! खाली एक शब्द नाही! मी तो मेसेज वर खाली करून बघत होते, म्हटलं राहिला असेल काहीतरी, पुढचा येईल. मी तुमच्या या रस्त्यावरून गेले आणि वर बघितलं सुद्धा नाही. फळा पुसला म्हणाले ना मी? तोच पुसत बसले होते, कोरडा फळा, शिपाई येऊन म्हणाला बाई पुरे! काहीच झालं नाही म्हणे! आणि तुम्ही घाबरलात? तुम्ही? मी कुणाला घाबरवते इतकी?" ती उभी राहिली होती. दाराशी गेली, कडीवर हात ठेवला. तिची पाठ माझ्याकडे होती, आणि बांधलेल्या केसांतली एक बट सुटून मानेवर आली होती. "जाऊ का मी?" तिनं विचारलं.

त्या क्षणी माझ्या सगळ्या अंगाला एकच उत्तर माहीत होतं. तुमची इच्छा. तुम्हाला योग्य वाटेल तसं. मी त्या उत्तरावर जगले आहे, लग्न त्यावर चालवलंय, धंदा त्यावर उभा केलाय, आणि ते किती सभ्य असतं. "जाऊ नका," मी म्हटलं. आवाज बसका निघाला, तिला ऐकू गेला की नाही कळेना, म्हणून पुन्हा म्हटलं. "जाऊ नका."

ती परत आली. टेकली नाही, पुढच्या काठावर बसली, पर्स खाली टाकली आणि रडायला लागली, मोठ्यानं, नाक पुसायचंही भान नाही, वर्गातली तिची पोरं रडत असतील तशी. वरच्या क्लासमधले आवाज क्षणभर थांबल्यासारखे वाटले. मी टिश्यूचा डबा पुढे केला नाही. तो पुढे केला की लोक रडणं आवरतं घेतात, हे मला कधीपासून ठाऊक आहे, आणि आजवर मी तो नेहमी जरा लवकरच पुढे केला आहे. मी बसून राहिले. मलाही रडू येत होतं, थोडं आलंही. तिनं ते बघितलं, आणि आश्चर्यानं तिचं रडणं क्षणभर अडलं, मग पुन्हा सुरू झालं. मधेच म्हणाली, "गुरुवारच्या बाईंना मी काय सांगू?" मी म्हटलं, "मी सांगते त्यांना. माझी चूक आहे, मीच निस्तरते." मग वेळ संपली. दोघींनाही कळलं होतं ते, पण कुणी उठलं नाही. शेवटी तीच उठली, सँडलचा पट्टा लावला, पर्स उचलली. चेहरा सुजला होता, केस पार सुटले होते.

"मी अजून रागावलेय तुमच्यावर," ती म्हणाली.

"हो."

"पुढच्या मंगळवारी पण रागावलेलीच असेन."

"तशाच या," मी म्हटलं.